घरातली मिळकत आटली की आठवी ते बारावीच्या मुलांचं काय होतं?

सांजपारवा (धागाकर्ती)

मंदीची चर्चा बहुतेक वेळा शेअर बाजार, नोकरकपात आणि व्याजदर यांच्याभोवती फिरते. त्याच काळात घरात तेरा ते अठरा वर्षांचं मूल असेल तर त्याच्यावर काय परिणाम होतो, यावर फार कमी बोललं जातं. बोललं गेलंच, तर "परिस्थितीने मुलं लवकर शहाणी होतात" इथे विषय मिटतो. शालेय समुपदेशन, शिक्षण, आरोग्य आणि बालहक्क या क्षेत्रांत काम करणारे बरेच सभासद इथे आहेत. सगळ्यांनी मिळून उपयोगी पडेल अशी नेमकी माहिती एका जागी आणावी, म्हणून हा धागा.

सुरुवातीला "मंदी" म्हणजे काय ते ठरवू. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचा जीडीपी जवळपास २४ टक्क्यांनी आकसला, ती उघड मंदी होती. पण मुलाच्या घरी मंदी यायला देशाचा आकडा उणे व्हावा लागत नाही. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत क्विंटलला चार हजारांच्या आसपास भाव मिळत होता. अशा वर्षी लातूर-वाशिमकडच्या घरांत मंदीच असते. इचलकरंजी किंवा मालेगावात मागावरची एक पाळी बंद झाली, पुण्यात कंपनीने प्रकल्प गुंडाळला, तरी त्या घरापुरती मंदीच.

माझा मुख्य मुद्दा असा. मंदी दोन-तीन वर्षांत ओसरते. त्या काळात मुलाबाबत घेतलेले काही निर्णय मात्र ओसरत नाहीत: शाळा सोडणं, पूर्णवेळ कामाला लागणं, मुलीचं लग्न. घरात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर हे निर्णय पुढे ढकलता येतात. हातावर पोट असलेल्या घराला ते त्याच महिन्यात घ्यावे लागतात. दोन्ही घरांना झळ एकाच मंदीची बसते, पण पाच वर्षांनी पाहिलं तर एका घरातलं मूल पदवीच्या वर्गात असतं आणि दुसऱ्या घरातलं कायमचं बाहेर. म्हणून मुलाच्या मनाची काळजी आणि फी, दाखले, प्रवेश यांची धावपळ या दोन गोष्टी वेगळ्या करू नयेत. शाळेत समुपदेशक मुलाशी तासभर बोलतो आणि फीचा प्रश्न "तो कार्यालयाचा विषय" म्हणून सोडून देतो. तिथेच गाडी अडते.

---

आकडेमोड

चांगला विषय. ज्यांची खात्री देता येते असेच आकडे देतो.

सीएमआयई या आर्थिक आकडेवारी गोळा करणाऱ्या खाजगी संस्थेच्या अंदाजानुसार एप्रिल २०२०मध्ये देशात सुमारे १२.२ कोटी लोकांचा रोजगार गेला. त्यांत मोठा वाटा फेरीवाले आणि रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. ऑगस्ट २०२१मध्ये १५ राज्यांतल्या वंचित वस्त्यांत झालेल्या 'स्कूल' सर्वेक्षणात ग्रामीण भागातली फक्त ८ टक्के आणि शहरी भागातली २४ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. ग्रामीण मुलांपैकी ३७ टक्के मुलं अजिबात शिकत नव्हती.

'असर' या शालेय शिक्षणाच्या सर्वेक्षणाचे आकडेही बघा. ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातली सरकारी शाळेत जाणारी मुलं २०१८मध्ये ६५.६ टक्के होती, २०२२मध्ये ७२.९ टक्के झाली. हा आकडा मोठा आहे. त्यामागे इतरही कारणं असतील, पण खाजगी शाळेची फी न परवडणं हे त्यातलं ठळक कारण. शाळा बदलली म्हणजे मित्र बदलले, अनेकदा माध्यम बदललं, आणि गावात "यांचं काय झालं हो?" हा प्रश्न आला. चौदा वर्षांच्या मुलाला त्या प्रश्नाची लाज अभ्यासाच्या ताणापेक्षा जास्त छळते.

मानसिक आरोग्याचा पाया आधीच कच्चा होता. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे "महाराष्ट्रात इतके टक्के" असे आकडे कोणी त्या अहवालाच्या नावावर फिरवत असेल तर विश्वास ठेवू नका.

---

मिसिसिपीकाठ

इथे अमेरिकेतली दोन कामं सांगणं गरजेचं वाटतं, कारण "पैसा गेला म्हणून मूल खचलं" एवढं सरळ ते नसतं, हे त्यांनी दाखवलं.

पहिलं आयोवातलं. १९८०च्या दशकात तिथे शेतीचं मोठं संकट आलं. जमिनीच्या किमती कोसळल्या, व्याजदर चढे होते, कर्जात शेतं गेली. रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी १९८९पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास केला. प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल होतं. त्यातून पुढे आलेली साखळी अशी: मिळकत घटली, बिलं भरता येईनात, आई-वडील खचले आणि चिडचिडे झाले, त्यांच्यात भांडणं वाढली, मुलाशी वागणं कठोर किंवा तुटक झालं, आणि मग मूल बिघडलं किंवा कोमेजलं. पैशाचा धक्का मुलापर्यंत बहुतांशी आई-वडिलांच्या मनामधून पोचतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांना हे चित्र परकं वाटणार नाही.

दुसरं नॉर्थ कॅरोलायनातलं. जेन कॉस्टेलो आणि सहकारी १९९३पासून तिथल्या १,४२० मुलांवर लक्ष ठेवून होते, त्यांतली सुमारे पाव मुलं चेरोकी आदिवासी. अभ्यास चालू असतानाच चेरोकी भागात कसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातला वाटा दर सहा महिन्यांनी जमातीच्या प्रत्येकाला मिळू लागला. कोणी मागितला नव्हता, कोणी कष्टाने मिळवला नव्हता, सगळ्यांना सारखा. म्हणजे आपोआप झालेला प्रयोगच. ज्या घरांची गरिबी त्यामुळे हटली, तिथल्या मुलांची भांडखोरी, उद्दामपणा, नियम मोडणं ही लक्षणं कधीच गरीब नसलेल्या घरांतल्या मुलांइतकी खाली आली. चिंता आणि नैराश्य मात्र त्या वेळी फारसं हललं नाही. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं, तर पैसे सुरू झाले तेव्हा जी वयाने सर्वांत लहान होती, म्हणजे ज्यांना जास्त वर्षं आधार मिळाला, त्यांच्यात मानसिक विकार कमी निघाले.

काही लक्षणं पैशाने लवकर सुटतात, काहींना पैसाही लागतो आणि वेळही. आधार उशिरा आला तर त्याचा गुण कमी येतो, हे यातलं सर्वांत महत्त्वाचं.

---

मुक्ता_नाशिक

एक व्यावहारिक प्रश्न. घरातली नोकरी गेली तर दहावीतल्या मुलाला किती सांगावं? "परीक्षा होईपर्यंत कळू देऊ नका" असंच बहुतेक नातेवाईक सांगतात.

---

सांजपारवा

मुक्ताताई, लपवून ठेवणं हा सर्वांत महाग पर्याय आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला घरातला बदल आठवड्याभरात कळतो. बाबा सकाळी घरी दिसतात, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतात, किराण्याची पिशवी हलकी होते. कारण सांगितलं नाही तर मूल स्वतः कारण शोधतं, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं: घटस्फोट, मोठा आजार, किंवा "माझ्या क्लासच्या फीमुळे हे झालं".

सांगण्याची पद्धत अशी ठेवा. आई-वडील दोघांनी आधी आपसांत बोलून एकच गोष्ट ठरवावी. मग पंधरा-वीस मिनिटं, टीव्ही बंद करून, जेवणाच्या वेळी नाही. चार गोष्टी सांगायच्या. काय झालं, ते एका वाक्यात. काय बदलणार: क्लास, सहल, नवा फोन, गावाला जाणं, जे खरंच बदलणार आहे ते नावानिशी. काय बदलणार नाही: दहावीचा फॉर्म भरलेला आहे, शाळा हीच राहील. आणि पुढचं कधी कळेल: "मार्चअखेर आपण पुन्हा बसू." ही तारीख देणं फार उपयोगी पडतं, कारण अनिश्चिततेला शेवट दिसला की रोजची धास्ती कमी होते. दिलेल्या दिवशी खरंच बसायचं, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

न पाळता येणारी वचनं देऊ नयेत. "तुला काही कमी पडू देणार नाही" हे वाक्य दोन महिन्यांत खोटं ठरतं आणि पुढच्या खऱ्या शब्दावरचाही विश्वास जातो. "आता सगळं तुझ्यावर आहे" हे तर कधीच म्हणू नये. परीक्षेतला प्रत्येक चुकलेला प्रश्न मग त्याला घराचं कर्ज वाटू लागतो.

तेरा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. सतरा वर्षांचं मूल आकडे विचारेल: ईएमआय किती, शिल्लक किती महिन्यांची. ढोबळ आकडे सांगायला हरकत नाही. घरखर्चाच्या एखाद्या गोष्टीत त्याचं मत घ्या, पण कर्ज फेडण्याच्या चर्चेत त्याला बसवू नका. आणि आईने वडिलांची तक्रार मुलीकडे, किंवा वडिलांनी आईची मुलाकडे करणं पूर्ण बंद. आयोवातल्या साखळीची मधली कडी तीच आहे.

---

निर्झर_मनोविकार

वैद्यकीय बाजू मांडतो.

या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. मूल उदास दिसत नाही म्हणून आई-वडील निर्धास्त राहतात, आणि चिडतं म्हणून त्याला उद्धट ठरवतात. आर्थिक ताणाच्या घरात मी या खुणा बघायला सांगतो: सकाळी शाळेच्या वेळेलाच पोटदुखी किंवा डोकेदुखी, झोपेची वेळ पहाटे दोन-तीनपर्यंत सरकणं, वाढदिवस, सहल, वर्गणी असली की नेमकं "मला यायचंच नाही" म्हणणं, डबा न नेणं किंवा मधल्या सुट्टीत एकटं बसणं, पुस्तक-वह्यांसाठीसुद्धा पैसे न मागणं. या शेवटच्या खुणेचं घरात कौतुक होतं, "किती समजूतदार आहे". आधी मागायचं आणि आता अचानक काहीच मागत नाही, असं असेल तर काळजीने बघा.

दोन आठवडे जवळजवळ रोज हे दिसत असेल आणि शाळा, झोप, जेवण यांपैकी काही बिघडलं असेल, तर तपासणी करावी. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी आहे, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. किशोरांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. १० किंवा जास्त गुण आले तर प्रशिक्षित माणसाने पुढे बोलायला हवं. एकूण गुण कमी असले तरी नववा प्रश्न, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार, वेगळा बघायचा. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर त्याच दिवशी बोलणं झालं पाहिजे. काही शाळा अख्ख्या वर्गाला फॉर्म वाटतात आणि गठ्ठा कपाटात ठेवतात. पुढे कोणाकडे पाठवायचं हे ठरलेलं नसेल तर चाचणी घेऊच नका. मुलाने धीर करून खरं लिहिलेलं असतं आणि त्यावर कोणीच काही बोलत नाही, याने ते आणखी मिटतं.

सरळ विचारा: "जगणं नकोसं वाटतं का? मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर मुलाला एकटं ठेवू नका. घरातली औषधं आणि शेतीची कीटकनाशकं कुलपात ठेवा, किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात. उधारीवर आणून घरातच ठेवलेली फवारणीची औषधं हा ग्रामीण घरातला सर्वांत मोठा धोका आहे. आवेगाचा क्षण अनेकदा काही मिनिटांचाच असतो, तेवढ्यात ती वस्तू हाती लागली नाही तर जीव वाचतो. आणि तसा प्रयत्न झालाच तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चं कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं.

कुठे जायचं: टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे पहिलं बोलणं होऊ शकतं. औषध सुरू झालं तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुलावर जास्त लक्ष ठेवावं लागतं, अस्वस्थता वाढली तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. "दहा दिवस घेतलं, फरक नाही" म्हणून बंद करणारे आणि एकदम बरं वाटलं म्हणून बंद करणारे, दोघांचंही नुकसान होतं. खेपेला दीडशे रुपये भाडं लागत असेल तर दर पंधरवड्याला येणं जमत नाही, हेही डॉक्टरने लक्षात घेऊन पुढची तारीख द्यावी.

---

गोदाकाठ

शिक्षक म्हणून एक गोष्ट ठळकपणे मांडायची आहे. आपल्या व्यवस्थेत चौदावं वर्ष म्हणजे कडा आहे.

शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. पंचवीस टक्के कोट्यातून खाजगी शाळेत शिकणाऱ्या मुलाची फी आठवीपर्यंत शासन भरतं, नववीत पूर्ण फी पालकाच्या दारात. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. आणि मुलाला कामाला ठेवायची संपूर्ण बंदीसुद्धा चौदा वर्षांपर्यंतच. चार-चार आधार एकाच उन्हाळ्यात निघून जातात. घरात मंदी नसेल तर आई-वडील ही कडा ओलांडून देतात, मंदी असेल तर मूल नेमकं इथून खाली पडतं. त्यामुळे मदतीसाठी मुलं शोधायची असतील तर आठवीचा वर्ग मार्च-एप्रिलमध्ये धुंडाळा. नववीच्या ऑगस्टमध्ये शोधून उपयोग नसतो, तोवर मूल गॅरेजमध्ये लागलेलं असतं.

शाळेत काय चुकतं तेही लिहितो. थकलेल्या फीची यादी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात. वर्गात उभं करून "उद्या पालकांना घेऊन ये" म्हणतात. शिष्यवृत्तीच्या मुलांची नावं फळ्यावर लिहितात. आठवीपर्यंतच्या मुलांबाबत तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने मानसिक छळाला बंदीच आहे. फीचा प्रत्येक निरोप पालकाला, आणि फक्त पालकाला. सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, निरोपसमारंभाची वर्गणी यांसाठी मुख्याध्यापकांकडे एक छोटा निधी ठेवावा आणि वर्गशिक्षकाने मुलाला न विचारताच नाव घालावं. मुलाला "तुला परवडत नाही ना?" असं विचारणंच त्याला नको असतं.

दाखल्याबद्दल: आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५नुसार मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. "फी भरा मग दाखला" असं अडवलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचं काहीच होत नाही.

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं, असं सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळांना दुसराच मार्ग लागू पडेल. त्यासाठी निदान एक चालणारा फोन नंबर आणि एक ठरलेला माणूस हवा.

---

बालाघाट

मुलींचं वेगळं लिहायला हवं, आणि त्यामागचं अर्थकारणही.

ऊसतोडीत मजुरीचा हिशोब कोयत्यावर चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यामागे. एकट्या मुलाला अर्धा कोयता धरतात. मग घराची मिळकत घटली की सतरा वर्षांच्या मुलाचं पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न लावणं हा घरासाठी पूर्ण उचल मिळवण्याचा मार्ग बनतो. मुलीच्या बाजूने बघितलं तर सहा महिने आई-वडील फडावर, मुलगी गावात एकटी ठेवायची भीती, मुलगी लहान असेल तर हुंडा कमी, आणि टाळेबंदीच्या वर्षांत लग्नाचा खर्चही कमी झाला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५मध्ये महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा हा सरासरी आकडा आहे, मराठवाड्याच्या काही जिल्ह्यांत तो याहून बराच जास्त आहे.

त्यामुळे "बालविवाह करू नका" असे फलक लावून इथे काही होत नाही. मुलगी सहा महिने सुरक्षित कुठे राहील, याचं उत्तर ऑक्टोबरच्या आत द्यावं लागतं. हंगामी वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं, कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, आजीकडे राहणार असेल तर एसटीचा पास. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जायला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटी मोफत आहे. मूल सोबत जाणारच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, कारखान्याजवळच्या शाळेत त्यावर बसता येतं.

लग्न ठरल्याचं कळलं तर गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या चाइल्डलाइनला फोन केला तर नाव गुप्त राहतं. फोन हळदीच्या दिवशी न करता ठरल्याचं कळताच करा. शेवटच्या दिवशी मांडव मोडला की मुलीवर घरचा राग निघतो आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या गावात गुपचूप लग्न होतं. थांबवल्यावर मुलगी शाळेत परत आली का, ते कोणीतरी दर महिन्याला बघितलं पाहिजे. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं.

---

सेतू_खिडकी

कागदपत्रांत एक सापळा आहे, तो नीट समजून घ्या. शिष्यवृत्त्या आणि सवलती उत्पन्नाच्या दाखल्यावर मिळतात, आणि तो दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. म्हणजे जूनमध्ये नोकरी गेली तर कागदावर तुम्ही अजून पगारदारच. घराला सर्वांत जास्त गरज असते त्याच वर्षी ते अपात्र ठरतं. यावर पूर्ण तोडगा नाही, पण हे करा: नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पगारपावती, बँकेचं सहा महिन्यांचं विवरण जपून ठेवा. शाळेला लेखी अर्ज देऊन हप्ते मागा. १ एप्रिल उजाडला की लगेच नव्या वर्षाच्या दाखल्यासाठी अर्ज करा, जूनच्या रांगेत अडकू नका. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते.

हाताशी असलेल्या गोष्टी: आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट). निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. गोदाकाठ सर म्हणाले त्या कड्यावर नेमकी ही दोरी आहे, आणि कितीतरी शाळा मुलांना परीक्षेला बसवतच नाहीत. निवड होऊनही पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा बँक खातं आधारशी जोडलेलं नसणं किंवा नावाच्या स्पेलिंगमधला फरक. ते आधीच तपासा.

आई किंवा वडील वारले असतील, विभक्त असतील किंवा गंभीर आजारी असतील तर बालसंगोपन योजनेत दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, पुढे बालकल्याण समितीसमोर. नुसती नोकरी गेली हे मात्र तिथे कारण धरलं जात नाही.

बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून गेलेल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५पासून माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. घाईत "आत्ता जागा धरून ठेवा" म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते.

---

खडीसाखर७२

सगळं वाचलं. तरी समुपदेशनावर इतका भर का, हे पटत नाही. पोटात अन्न नसताना भावना व्यक्त करून काय होणार? तेच पैसे थेट घराला द्या.

---

निर्झर_मनोविकार

तुमच्या म्हणण्यातला अर्धा भाग पूर्ण मान्य. चेरोकी मुलांच्या अभ्यासाने तेच दाखवलं, नुसत्या पैशाने वर्तन सुधारलं. पण त्याच अभ्यासात नैराश्य आणि चिंता लगेच कमी झाली नाही, हेही आहे. घरात आठ महिने रोज भांडण ऐकलेल्या मुलीची झोप खात्यात पैसे जमा झाल्यावर आपोआप परत येत नाही. शिवाय मदत पोचायला महिने लागतात, त्या मधल्या महिन्यांत मूल सांभाळायला माणूस लागतो. भांडण "पैसे की समुपदेशन" असं लावलं तर सरकार दोन्ही देणार नाही.

---

सांजपारवा

+१. आणि समुपदेशन म्हणजे फक्त भावना व्यक्त करणं नव्हे. मुलाबरोबर बसून एनएमएमएसचा फॉर्म भरणं, बाबांना टेलि-मानसचा नंबर देणं, वर्गशिक्षकांना वर्गणीचं सांगणं, हे सगळं त्यात धरा.

---

वहीपेन

एक प्रश्न उरला. ज्यांनी दहावी किंवा अकरावीत शाळा सोडून काम धरलंय, त्यांचं काय? सतरा वर्षांचा मुलगा रोज साडेतीनशे रुपये आणतोय. घरही त्याला सोडायला तयार नाही आणि त्यालाही आता वर्गात बसायची लाज वाटते.

---

गोदाकाठ

त्याला लगेच काम सोडायला सांगू नका, तो तुमच्याशी बोलणंच सोडेल. आधी कामाचे तास बघा. कायद्याने १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामावर ठेवता येत नाही. इतर कामातही सलग तीन तासांच्या वर नाही, मग तासभर विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, आठवड्याची सुट्टी. मालकाला शांतपणे हे सांगून तास कमी करून घेतले तर अभ्यासाला जागा निघते. मालक ऐकत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालय, किंवा १०९८.

मग रस्ते. राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७ भरून दहावी आणि बारावीला बाहेरून बसता येतं. अर्ज ऑनलाइन भरतात, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून मिळते. तिथे जाऊन प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेच्या तारखा स्वतः विचाराव्या लागतात, बरीच मुलं लेखी पेपर देऊन तिथेच अडतात. मुंबईत रात्रशाळा आहेत. दहावीत एक-दोन विषय गेले असतील तर एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, शिवाय जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. वर्ष पूर्ण वाया गेलं असं समजून घरी बसलेली कितीतरी मुलं खरं तर एका विषयाने अडलेली असतात. म्हणून आधी गुणपत्रिका मागून बघा. फॉर्म १७ची मुदत पावसाळ्यातच सुरू होऊन संपते, दिवाळीनंतर आठवण झाली तर विलंबशुल्क भरावं लागतं किंवा वर्ष जातं. वहीपेन, तुम्ही म्हणता त्या मुलाचं गाव कोणत्या तालुक्यात आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवा, संपर्क केंद्राची शाळा शोधून देतो.